गरम झाल्यावर सुरू होत नाही

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हॉस्पिटलच्या गाड्यांचे मिस्त्री. गाड्यांचे म्हणायचं आपलं, गाडी एकच आहे. एक रुग्णवाहिका, आणि ती चालवते मी. मेहुणी गाडी हाकते आणि दाजी तिची नाडी बघतात, यावरून वॉर्डातल्या आयाबायांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे आम्हाला चिडवतात. चिडवोत बापडे. त्याचा मला राग नाही. मला कशाचा राग आहे ते आता ऐका.

पहिला राग दाजींचाच. या माणसाला राग येत नाही! ताईने एकदा भांडणात दोन दिवस त्यांना डबा दिला नाही, तर तिसऱ्या दिवशी हे म्हणतात कसे, "हल्ली मला भूक जरा जास्तच लागते, नाही?" ताईने कपाळावर हात मारला आणि डबा भरला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी आपली चिडते, ओरडते, हातवारे करते, आणि हे चिंधीने एकेक बोट पुसत ऐकून घेतात. मग म्हणतात, "झालं? आता पाणी पी."

एक मात्र आहे. बंद पडलेली वस्तू त्यांना बघवत नाही. वॉर्डातला पंखा असो, मेट्रनबाईंचं घड्याळ असो, शेजारणीचं शिलाई मशीन असो, ते चालू होईपर्यंत यांच्या घशाखाली घास उतरत नाही. हॉस्पिटलच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. तिथे जेवायच्या टेबलावर मीठ शोधायला गेलं की हाताला स्क्रू लागतात. "चोवीस वर्षांत माझ्या हातातली गाडी उभी राहिली नाही," एवढी एकच बढाई त्यांनी आयुष्यात मारली असेल. आणि त्या बढाईनेच त्यांचा घात केला.

अकरा महिन्यांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी मी मोठ्या हॉस्पिटलातून परत आले, चाळीस किलोमीटर, गाडी आवारात लावली, बंद केली. दहाच मिनिटांत दुसरा कॉल. किल्ली फिरवली. सेल्फ घेतला, इंजिन आत गरगर फिरलं, पण सुरू होईना. परत फिरवली. परत तेच. फिरतंय छान, पेटत नाही.

गाडी बंद पडली की आपल्याकडे प्रत्येकजण तज्ज्ञ होतो. वॉचमन म्हणाला बॅटरी. कँटीनवाला म्हणाला फिल्टर. एका पेशंटचा मामा, मेला, मला म्हणतो, "ताई, क्लच दाबून बघा." नऊ वर्षं मी गाडी चालवतेय! त्याला काय सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

दाजी आले. बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मार सेल्फ." मी मारला. "जोरात फिरतोय. म्हणजे बॅटरीवर आळ घ्यायचा नाही." उतरून मागे गेले, सायलेन्सरपाशी वाकले. "परत मार. हं. धूर नाही, वास नाही. डिझेल आत जातच नाहीये." पुन्हा शेजारी येऊन बसले. "आता मार, आणि काट्याकडे बघ."

आरपीएमचा काटा. इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणारा. सेल्फ मारला की तो थोडासा तरी उचलला जातो. तो शून्यावर मेल्यासारखा पडून होता.

"बघितलंस? इंजिन फिरतंय आणि गाडीला पत्ता नाही," दाजी म्हणाले. मग मला समजावून सांगितलं. गिअरबॉक्सच्या तोंडापाशी खाली अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. इंजिन फिरतंय ही खबर तो गाडीतल्या कॉम्प्युटरला देतो. खबर आली की कॉम्प्युटर डिझेल सोडतो. खबर नाही, तर डिझेल नाही. "हा म्हातारा झालाय. थंड असला की बोलतो, तापला की दातखीळ बसते."

हे सांगता सांगता माझी प्यायच्या पाण्याची बाटली घेऊन ते गाडीखाली सरपटत गेले. बाटलीभर गार पाणी त्या सेन्सरवर ओतलं, दोन मिनिटं थांबले आणि खालूनच ओरडले, "मार!" गाडी पहिल्या झटक्यात सुरू. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, मूर्खासारख्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढासा सेन्सर, बदलून टाकायचा. अहो, आम्हीही तेच म्हणालो. पण गाडी हॉस्पिटलची नाही, वरच्या कार्यालयाची. तिचा एकेक नट तिथूनच यायला हवा. दाजींनी पत्र लिहिलं: इंजिन गरम झाल्यावर सुरू होत नाही, अमुक सेन्सर मिळावा. महिन्याने तपासणीचे साहेब आले. सकाळी नऊ वाजता. रात्रभर थंड झालेली गाडी, ती काय, नुसत्या नजरेने सुरू झाली असती. साहेबांनी लिहिलं, दोष आढळला नाही.

दुसरं पत्र. परत साहेब, परत सकाळी नऊ. दाजी अजिजीने म्हणाले, "साहेब, दुपारी या ना, गाडी फिरून आल्यावर." साहेब म्हणाले, "तपासणी सकाळच्या सत्रातच होते." दोष आढळला नाही!

मधे दाजींनी एका मित्राच्या गॅरेजातून तसाच सेन्सर आणून बसवला. आठ दिवस गाडी सोन्यासारखी चालली. नवव्या दिवशी मेमो. अनधिकृत सुटा भाग बसवल्याबद्दल खुलासा द्यावा आणि मूळ भाग पूर्ववत बसवावा. वाचलंत का नीट? चांगला काढा आणि बिघडलेला बसवा! आणि या माणसाने बसवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "दाजी, तो कागद फाडा आणि त्यांच्या तोंडावर फेका." ते म्हणाले, "नोकरी आहे ना, मेहुणीबाई."

तेव्हापासून आमचं सुरू झालं ते पाण्याचं नाटक. वाटेत इंजिन बंद करायचं नाही हा माझा नियम. केलंच, तर पाणी. वॉर्डाच्या फ्रीजमध्ये माझ्या दोन बाटल्या कायमच्या ठेवलेल्या, त्यावरून सिस्टर रोज करवादायची. मला प्रत्येक वेळी रस्त्यावर लोळत गाडीखाली जावं लागतं म्हणून दाजींनी सलाईनची एक नळी बॉनेटपासून खाली सेन्सरपर्यंत ओढून दिली. वरून पाणी सोडलं की थेंब थेंब बरोबर जागेवर. "हॉस्पिटलची गाडी आहे, सलाईन तर लागणारच," म्हणाले आणि स्वतःच हसले. मला नाही हसू आलं. कारण मला दिसत होतं काय होतंय ते. गाडी बंद पडत होती, पण दाजी तिला पडू देत नव्हते. मग वरच्यांना बंद पडलेली गाडी दिसणार कधी?

तिसऱ्या पत्राला धमकीसकट उत्तर आलं. तिसरी तक्रार निराधार ठरली तर मिस्त्रींकडून वाहन काढून घेण्यात येईल. साहेब अमुक तारखेला येतील. म्हणजे या वेळी बिघाड साहेबांच्या डोळ्यांसमोर दिसला नाही, तर गाडीही दाजींच्या हातून जाणार आणि सेन्सरही नाही. गाडी मात्र मीच चालवणार, त्याच सेन्सरवर, मागे माणसं झोपवून.

आदल्या संध्याकाळी मी ताईकडे जाऊन बसले. "दाजी, उद्या तुम्ही हात लावायचा नाही. पाणी नाही, नळी नाही, काही नाही. गाडी मरू दे साहेबांसमोर." ताई म्हणाली, "अहो, एक दिवस हात खिशात घालून उभे राहा की!" दाजी टेबलावरचे स्क्रू वेचून डबीत टाकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं."

साहेब नऊला आले तेव्हा गाडीच नव्हती. मीच नेली होती सव्वाआठला, ऑक्सिजनचे सिलिंडर आणायला, आणि मुद्दाम लांबचा रस्ता धरून साडेअकराला परत आणली, चांगली तापवून. साहेब आवारात फणफणत उभे. मी गाडी त्यांच्या पुढ्यात लावली, बंद केली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "घ्या. करा सुरू."

त्यांच्या फॉर्मवर तीन चाचण्या असतात, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. पहिली. सेल्फ गरगर फिरला, गाडी सुरू झाली नाही. साहेबांनी घड्याळ बघून लिहिलं, नाही. दहा मिनिटांनी दुसरी. नाही. दाजी म्हणाले, "साहेब, काट्याकडे बघा." साहेबांनी बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, हे लक्षात ठेवा. "हं," म्हणाले आणि परत लिहिलं, नाही. मला वाटलं जिंकलो आपण. दाजींचे दोन्ही हात खिशात. ताई खिडकीत उभी. आता फक्त तिसरी चाचणी.

तेवढ्यात दार धाडकन उघडून स्ट्रेचर आलं. पहाटे बाळंत झालेली बाई, रक्त थांबत नव्हतं, चेहरा पांढराफटक. नवरा हातात पिशवी आणि अंगावरचा शर्ट उलटा, नुसता धावत होता. सिस्टर ओरडली, "गाडी काढा! मोठ्या हॉस्पिटलात, आत्ताच्या आत्ता!"

आणि साहेब घड्याळाकडे बघून म्हणतात, "आठ मिनिटं थांबा. तिसरी चाचणी राहिली आहे."

मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते. पण खरं सांगते, कारण खोटं सांगण्यासाठी मी हे सांगत बसलेले नाही. एक क्षण माझ्याही मनात आलं, आठच मिनिटं. मग सगळं मार्गी लागेल. मी दाजींकडे बघितलं. ते तिथे नव्हतेच. बॉनेट उघडून नळीत बाटली उपडी करून उभे होते. "चढवा त्यांना आत," स्ट्रेचरवाल्यांना म्हणाले. आणि मला, "बस. मी सांगितल्यावर मार."

मारला. सुरू झाली.

चाळीस किलोमीटर मी सायरनपेक्षा मोठ्याने शिव्या देत गेले. साहेबांना, कार्यालयाला, दाजींना. मागून त्या बाईचा नवरा म्हणाला, "ताई, माझं काही चुकलं का?" तेव्हा शिव्या आवरल्या. बाई वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

परत आले तो अहवाल तयार. पहिली चाचणी, नाही. दुसरी, नाही. तिसरी, सुरू झाले. निष्कर्ष: वाहन सुरू होते, दोष आढळला नाही. शिवाय, वाहनात अनधिकृत नळी आढळली. दाजींची उद्यापासून स्टोअरमध्ये बदली, व्हीलचेअर आणि स्ट्रेचरची चाकं दुरुस्त करायला. गाडी बघायला बाहेरचा माणूस येणार.

साहेब अधीक्षकांच्या खोलीत चहा घेत होते. मी दार न वाजवता आत गेले. "तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना काटा? पाणी ओतताना बघितलंत ना? आंधळे आहात की आंधळ्याचं सोंग घेताय?" अधीक्षक "अहो, अहो" करायला लागले. साहेब चिडले नाहीत. कप ठेवला, शेजारचं जाडजूड रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "ही सही कोणाची?"

गाडीचं रजिस्टर. रोज सकाळी आठला ड्रायव्हरने सही करायची, तेव्हा गेटपास मिळतो. वर छापलेलं असतं, वाहन सुस्थितीत मिळाले. खाली माझी सही. साहेब पानं उलटत गेले. माझी सही, माझी सही, माझी सही. अकरा महिने. "मिस्त्री म्हणतात बिघडली आहे. चालवणारी रोज लिहून देते की ठीक आहे. आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा?"

कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. ती सही म्हणजे गेट उघडायची किल्ली, दुसरं काही नाही. वर काय छापलंय ते कोण वाचतं? मी वाचलं नव्हतं. एका हातात चहा, एका हाताने सही, असं चाललेलं. दाजी पत्रांवर पत्रं लिहीत होते आणि त्यांची सख्खी मेहुणी रोज सकाळी त्यांना खोटं पाडत होती. मी रजिस्टर मिटलं आणि खोलीबाहेर आले. मी, जिच्या तोंडाला सगळं हॉस्पिटल घाबरतं!

रात्री झोप कसली लागते. सकाळी आठला रजिस्टर समोर आलं. मी पेन घेतलं आणि छापील ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: इंजिन गरम झाल्यावर सुरू होत नाही. आणि सही केली नाही.

कारकून उडालाच. "अहो बाई, इथे फक्त सही करायची असते, निबंध नाही लिहायचा!"

"मग गेट उघडू नका."

अधीक्षक धावत आले. आधी समजावलं, मग नोकरीची भीती घातली, मग आवाज चढवला. "पेशंट आला तर काय करायचं?"

"आला तर तुम्ही सांगा त्याला. साहेबांचा अहवाल दाखवा, दोष आढळला नाही म्हणून."

मी गाडीच्या पायरीवर बसले. आवारात कुठेही चाकांचा आवाज झाला की मी ताडकन उठून दाराकडे बघायचे. एकदा तर कपड्यांची ट्रॉली होती. साडेआठ वाजले, नऊ वाजले. ताई चहा घेऊन आली, शेजारी बसली, कप घेऊन गेली. दहाला शेजारच्या गावची रुग्णवाहिका मागवली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. दिवसभर फोन खणखणत होते. सहीशिवाय उभी असलेली गाडी म्हणजे वरच्यांच्या कागदावर भोक. पत्रांना ज्यांनी अकरा महिने भीक घातली नाही, त्यांच्याकडून दुपारी तीन वाजता एक माणूस मोटारसायकलवर सेन्सर घेऊन आला. वीस मिनिटांत बसवला. मी तीन वेळा तापवून बघितली. तिन्ही वेळा सुरू. काटा कसा टुणकन उठायचा!

संध्याकाळी स्टोअरमध्ये गेले. दाजी एक व्हीलचेअर उलटी करून तिच्या चाकाशी झटत बसले होते. त्यांना गाडीपाशी जायची बंदी होती, खिडकीतून सगळं बघितलं असणार.

"बसवला," मी म्हटलं. "वीस मिनिटं लागली. वीस! त्यासाठी अकरा महिने नाचवलं मेल्यांनी, आणि वर तुम्हाला इथे आणून बसवलं. आता त्यांना म्हणावं, बदली रद्द करा. नाहीतर मी परत सही करणार नाही. सोडणार नाही मी त्यांना."

दाजी चाक फिरवून बघत होते. "सकाळी कोणी पेशंट आला होता का गं? दहाच्या आधी?"

"नाही. नशीब."

"आणि आला असता तर?"

दिवसभर हाच प्रश्न अधीक्षकांनी मला दहा वेळा विचारला होता आणि दहाही वेळा मी फाडकन उत्तर दिलं होतं. तेच उत्तर जिभेवर होतं. दाजींकडे बघून ते येईना.

"केली असती सही," मी म्हटलं. "दुसरं काय करणार होते? लगेच केली असती."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नाही, मला कमी लेखल्याचं काही नाही. मला इतका राग आला, इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा नाही. ज्यांना ठाऊक आहे की आमच्यासारखी माणसं शेवटी सही करतातच, पाणी ओततातच, त्यांचा. त्या भरवशावर तर त्यांची कार्यालयं चालतात.

"हे धर जरा," दाजी म्हणाले आणि चाकाची एक बाजू माझ्या हातात दिली.